हरकत नाही म्हणेपर्यंत

सर आणि मी लातूरच्या एका शाळेत एकाच जूनमध्ये लागलो. ते भौतिकशास्त्र शिकवायला, मी मराठी. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते आणि मूर्ख होते. अठ्ठावीस वर्षं आपोआप मागे पडली. मूर्खपणा काढायला मात्र खटपट करावी लागली, आणि माझी नात म्हणते की ते काम अजून चालू आहे.

पहिल्याच आठवड्यात मी एक स्टूल मागायला प्रयोगशाळेत शिरले. कडक स्टार्चची साडी, केसांत अबोलीचा गजरा, आणि आपण चालतो तेव्हा शाळा आपल्याकडे बघते अशी पक्की समजूत. आत सगळी मुलं टेबलांभोवती चिडीचूप उभी. सर मेन स्विचपाशी, आणि एकेकाला विचारत होते.

"हात?"

"बाजूला, सर."

"हात?"

"बाजूला, सर."

सगळा वर्ग असा संपला आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हात?"

"मी मराठीची आहे," मी म्हटलं.

"वीज विषय विचारत नाही. हात?"

मी तरातरा हेडमास्तरांकडे गेले. माझा अपमान झाला होता, शिवाय स्टूलही मिळालं नव्हतं. हेडमास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, ते माझ्या खोलीतला पंखासुद्धा मला विचारल्याशिवाय लावत नाहीत. बाजूला म्हणायचं, पंखा लागतो. तुम्हाला स्टूल हवंय की न्याय?"

मी स्टूल घेतलं.

मला वाटायचं, या माणसाच्या आयुष्यात कधीतरी काही भयंकर घडलं असणार. एखाद्या मुलाला शॉक वगैरे. त्या वयात मला प्रत्येकाच्या मागे एक दुःखद कथा लागायची. पुढे वहिनींना, म्हणजे सरांच्या बायकोला, विचारलं तर त्या हसल्या. "कशाचं काय हो बाई. तसं काही झालं न्हाई. मानूसच तसा हाय."

आमच्या कॉलनीच्या बोअरच्या मोटरची चावी सरांकडे होती. इतर ठिकाणी मोटर लावतात. आमच्याकडे सर अंगणाच्या मधोमध उभे राहायचे आणि मान वर करून प्रत्येक घराला विचारायचे, "हरकत?" कुणाचा नळ उघडा राहिलेला असेल, कुणी टाकी घासायला आत उतरलं असेल. प्रत्येक गॅलरीतून "नाही, नाही" आल्याशिवाय बटण दाबायचे नाहीत. एखादं घर गप्प राहिलं की जिना चढून जायचे. टँकरची वाट बघण्यात निम्मं आयुष्य गेलेल्या गावानं असा माणूस खपवून घेतला, याचं मला अजून नवल वाटतं.

आणि एकदाच विचारायचे, हेही सांगायला हवं. कुणी "हरकत आहे" म्हटलं की "बरं" म्हणून थांबायचे. पुन्हा विचारायचे नाहीत. "दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे ढकलणं," असं त्यांचं म्हणणं.

वहिनी हदगावच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. लातुरात उभा जन्म काढला तरी बोलणं हदगावचंच ठेवलं. एकदा आम्ही दोघी त्यांच्या ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला लग्नाची गोष्ट सांगितली.

"मंगलाष्टकं सरून राहिली, भटजी अंतरपाट काढनार, तवर पल्याडून आवाज आला, हरकत? मला वाटलं, कोन बोलून राहिलं. भटजी म्हने मुहूर्त टळतोय. हे म्हने, तिला इचारल्याबिगर पाट हलवू नका. माझा बाप असा लाल झाला की इचारू नका. मंग मीच म्हनलं, न्हाई. तव्हा कुठं अक्षता पडल्या."

"लाज नाही वाटली?"

"लई वाटली." वहिनींनी काडी मोडून बाजूला टाकली. "पन बाई, तोवर मला कुनीच काही इचारलं नव्हतं. शाळा सोडतीस का, म्हनून बी न्हाई."

वहिनींचा एकच नखरा होता. डोकं विंचरल्याशिवाय त्या कुणाच्या दृष्टीला पडत नसत. केस कमरेच्या खाली, सकाळी खोबरेल लावून घट्ट वेणी. ती झाली नसेल तर दूधवाल्याला आतूनच ओरडायच्या, "पातेलं बाहेर ठिवलंय." माहेरी गेल्या की त्यांची आई त्यांना पुढ्यात बसवून वेणी घालायची. वहिनींना पन्नाशी उलटली तरी. मी एकदा हसले तर म्हणाल्या, "तिला तेवढंच करू देते. लेकरू न्हाई मला, तिला नातीची वेनी घालायला मिळाली न्हाई. मंग माझीच."

मग सगळं बंद झालं ते वर्ष आलं. सर आणि मी, दोघंही निवृत्त होऊन बसलो होतो. मी नांदेडला मुलाकडे राहायला आले होते, सर आणि वहिनी लातुरातच. औशाला आमच्या शाळेचे चित्रकलेचे मास्तर गेले. कुणाला जाता आलं नाही. जुन्या विद्यार्थ्यांनी मीटिंगच्या ॲपवर शोकसभा ठेवली, तर शे-दीडशे माणसं आत मावेनात. जी बाहेर राहिली ती फोन करकरून रडली. दिवसभर सरांनी ते ऐकलं आणि मग संगणकाला चिकटून बसले. त्या मीटिंगला थेट प्रक्षेपणाची एक वेगळी सेवा जोडता येते, हे त्यांनी शोधून काढलं. मग मला फोन.

"बाई, मीटिंग म्हणजे वर्ग. बाकं भरली की भरली. पण वर्गाला खिडकी असली तर व्हरांड्यात किती का माणसं उभी राहीनात. त्यांना दिसतं, ऐकू येतं. बोलता येत नाही. आपण फक्त खिडकी बसवायची."

त्या सेवेचं जे काही इंग्रजी नाव होतं ते मग कुणी घेतलंच नाही. लातूरपासून मुरुडपर्यंत सगळे खिडकीच म्हणायचे.

माझ्या लॅपटॉपवर त्यांनी ती फोनवरून बसवली. एक अख्खी दुपार गेली. मी त्या काळात स्वतःला फार तंत्रज्ञ समजत होते, कारण मला फोटो उभ्याचा आडवा करता यायचा.

"काय दिसतंय ते वाचा," सर म्हणाले.

"मी यंत्र नाही हे सिद्ध करा, असं विचारतंय."

"करा मग."

"कसं?"

"चित्रं असतील. ज्यात सिग्नल दिसतोय त्यावर बोट ठेवा."

"सर, मी लातूरची. सिग्नल मी फक्त बंद पडलेले पाहिलेत."

ते हसले नाहीत. सर विनोदाला हसत नसत, ऐकून घेत. मग त्या सेवेनं एक लांबलचक किल्ली दिली, अक्षरं आणि आकडे. ती उचलायची आणि मीटिंगच्या सेटिंगमध्ये नेऊन टाकायची. मी उचलली आणि आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली. माझ्या व्याह्यांनी त्याखाली हात जोडले. सरांना सांगितलं.

"कुलूप बदलावं लागेल," ते म्हणाले. "किल्ली तुम्ही वेशीवर टांगलीत."

त्या कामात एक गोम होती. ज्या घरानं खिडकी पहिल्यांदा मागितली त्याला ती सेवा एक दिवस थांबवून ठेवायची, मग उघडायची. एरवी कुणाला काय फरक पडला असता. पण त्या दिवसांत माणूस सकाळी जायचा आणि दुपारी त्याची राख व्हायची. मुरुडच्या एका घरानं सकाळी मागितली, दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली, तेव्हा बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरांना ते लागलं. मग त्यांनी ओळखीच्या एकेका घरी फोन करायला सुरुवात केली. नमस्कार नाही, प्रकृती कशी नाही. थेट विचारायचे, "तुमच्याकडे खिडकी आहे का?"

"सर, आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत."

"म्हणूनच आत्ता बसवू. नंतर तुम्हाला सुचणार नाही."

लोक फोन ठेवून द्यायचे. पुढे पुढे उचलेनासे झाले. कॉलनीत बोलणं पसरलं की सर ज्या घराला खिडकी बसवतात त्या घरातलं माणूस जातं. त्यातली दोन-तीन खरोखर गेली होती. त्या दिवसांत खिडकी न बसवलेल्या घरांतलीही जातच होती, पण ती कोण मोजणार. एका बाईंनी बसवलेली खिडकी सरांकडून काढवून घेतली आणि लॅपटॉपवरून लिंबू उतरवून रस्त्यावर टाकलं. त्यावर सरांचं म्हणणं एवढंच की निदान कापलेलं लिंबू वापरू नये, कीबोर्डच्या कळा चिकट होतात.

पण वेळ आली की त्याच लोकांचे फोन यायचे, आणि सर बसायचे. दहाव्यांना, तेराव्यांना, एकदा कुणाच्या वर्षश्राद्धाला. मी त्यांची मदतनीस. मीटिंगमध्ये ते बोलायचे, खिडकीकडे मी लक्ष ठेवायचे. खिडकीतलं चित्र अर्ध्या मिनिटानं मागे चालतं. त्यामुळे आतली माणसं हात जोडून उठलेली असायची आणि बाहेरच्या चित्रात अजून कुणीतरी हुंदका आवरत असायचं. मला ते बघवायचं नाही. सर म्हणायचे, "बाहेरच्याला सगळं उशिरा कळतं. तसंच असतं ते."

आणि उघडण्याआधी मीटिंगमधल्या प्रत्येकाला, एकेकाला, नावानं विचारायचे. "आता तुम्ही बाहेरच्यांना दिसाल. हरकत?" प्रत्येकाच्या तोंडून "नाही" ऐकल्याशिवाय बटण दाबायचं नाही. लोक रडवेले असायचे, वैतागायचे. एका वकिलांनी म्हटलं, "सर, इथं माणूस गेलंय आणि तुमचं हे काय चाललंय?"

"गेलेल्याला विचारता येत नाही," सर म्हणाले. "म्हणून तुम्हाला विचारतो. हरकत?"

त्यातलं एक बारसं तेवढं मला गोड आठवतं. हदगावला वहिनींच्या भावाला नात झाली. पाळण्याभोवती चार बायका, बाकी सारा गोतावळा खिडकीबाहेर. सर लातुरातून एकेकीला विचारत गेले आणि शेवटी आल्या त्यांच्या सासूबाई. ऐंशीच्या पुढच्या. त्यांना मी मावशी म्हणायचे.

"आई, हरकत?"

"हाय."

सगळे चमकले. "का हो आई?"

"पदर घसरलाय. आन् दात वाटीत हायेत."

"घ्या दोन्ही. आम्ही थांबलोय."

आणि खरोखर थांबलो. पाळणा थांबला, गाणाऱ्या बायका थांबल्या, व्हरांड्यात न दिसणारे मामा-काका थांबले. मावशींनी सावकाश दात बसवले, पदर डोक्यावर घेतला, कपाळ पुसून पुन्हा कुंकू लावलं. मग म्हणाल्या, "हं. आता न्हाई." नंतर मला म्हणाल्या, "जावई खुळा हाय, पन इचारून करतो."

एक गोष्ट सरांना सोसत नसे. आपलं काम बिघडलं असं कुणी म्हटलेलं. एक जुना विद्यार्थी, आता मोठा डॉक्टर, एका सभेत म्हणून गेला की सरांच्या सेटिंगमुळे आवाज गेला. सरांनी सभा थांबवली आणि शोधून काढलं की त्या डॉक्टरांच्या कानातल्या यंत्राची बॅटरी संपली होती. मग भर सभेत त्याच्याकडून "चूक माझी होती, सर" वदवून घेतलं. समोर गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो होता. मला लाज वाटली. सरांना नाही वाटली.

दुसऱ्या लाटेत सर आणि वहिनी, दोघांनाही झालं. सर घरात निभावले. वहिनींना दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथून त्या आत आत जात राहिल्या. आत कुणाला सोडत नव्हते. दुपारच्या पाळीची एक सिस्टर भली होती. ती दोन-चार मिनिटं फोन धरायची आणि सर बोलायचे.

हदगावला मावशींनी धोशा लावला. मला माझी लेक दाखवा. वहिनींचा भाऊ सरांना फोन करायचा, "दाजी, आईनं सकाळपासून तोंडात काही घेतलं न्हाई. एकदा दाखवा. मंग जे व्हायचं ते होऊ द्या." सिस्टरनं अट घातली की बोलणारं माणूस एकच हवं. शेजारच्या खाटांवरही माणसं आहेत, गोंगाट झाला की ती घाबरतात. मग सरांनी ठरवलं की मीटिंगमध्ये तिघंच, सिस्टरचा फोन, ते आणि मी. आणि फक्त हदगावच्या घरासाठी खिडकी. तिथं भावाच्या सुनेनं टीव्हीवर लिंक उघडून ठेवली. मावशी टीव्हीपुढं चटईवर बसल्या होत्या, तसा फोटोही तिनं पाठवला. दात घातलेले, पदर डोक्यावर.

मला त्यात घेतलं ते सरांचे हात थरथरायचे म्हणून. किल्ली मी टाकली. या खेपेला योग्य जागी टाकली. सगळं जुळलं. बटण पेटलं.

सिस्टरच्या फोनमध्ये आधी छत आलं, मग निळा पडदा, मग वहिनी. तोंडावर मास्क. आणि डोकं. केस कापले होते. पडून पडून जटा झाल्या असणार, वेळ कुणाला होता विंचरायला. कापणाऱ्यालाही घाई असावी, एका बाजूनं जास्तच गेले होते. मी त्यांना ओळखलं नाही. आधी वाटलं, सिस्टरनं चुकून दुसऱ्याच खाटेसमोर फोन धरला.

सरांनी ओळखलं. "अगं," ते म्हणाले, "आई टीव्हीपुढं बसल्यात. खिडकी तयार आहे. तू त्यांना दिसशील. हरकत?"

वहिनींनी डोळे मिटले, उघडले. सिस्टरनं मास्क जरा बाजूला केला.

"हाय. हरकत हाय."

सर पडद्याजवळ सरकले.

"तिनं घातलेली वेनी..." वहिनी दम घेत होत्या. "तिच्या डोळ्यात तीच ऱ्हाऊ द्या."

पलीकडे सरांचा दुसरा फोन वाजत होता. हदगावचाच असणार. बटण पेटलेलंच होतं, माझ्याही पडद्यावर, त्यांच्याही. एक बोट लागलं असतं. वहिनींना कळलंही नसतं, कारण खिडकीबाहेर कोण उभं आहे ते आतल्या माणसाला दिसत नाही. म्हातारी दोन घास जेवली असती. मी सरांच्या चौकटीकडे बघत होते. त्यांचा हात माऊसवर होता.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"बरं," ते म्हणाले. "नाही उघडत."

वहिनींनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला. मी त्या वेळी त्यांना धीर देणारं एक भाषण केलं, भरपूर उपमा घातलेलं, आणि ते संपल्यावर माझ्या लक्षात आलं की माझा माइक बंद होता. माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात बरं भाषण ते.

मीटिंग बंद झाल्यावर सरांचा फोन आला.

"बाई, आज खिडकी बसली नाही."

"सर, बसली होती. मी बघितलं की."

"बसली नाही. माझ्याकडून चुकलं. मी हदगावला तसं सांगितलंय. यंत्र बिघडलं हे आईंना पचेल. जावई नालायक निघाला हेही पचेल. लेकीनं नको म्हटलं हे नाही पचायचं. तुम्ही कुणाला सांगणार नाही. हरकत?"

मी म्हटलं, "नाही, सर."

दुसऱ्या दिवशी उजाडताना वहिनी गेल्या. नगरपालिकेची गाडी परस्पर घेऊन गेली. त्या कशालाच खिडकी नव्हती. अंतरपाटाच्या आडून "न्हाई" म्हणून सुरू झालेला संसार "हाय" वर संपला.

मावशींनी फोनवर केलेला आक्रोश सरांनी मला कधी सांगितला नाही, भावाच्या सुनेनं सांगितला. "मास्तर, साऱ्या मुलखाला खिडक्या बसवल्या तुम्ही. माझ्याच लेकीच्या वख्ताला तुमचं यंत्र मेलं?" त्या संतापल्या तरी सरांना अहोजाहोच करायच्या. दर रविवारी सर हदगावला फोन करायचे. तब्येतीची चौकशी व्हायची, पावसापाण्याचं बोलणं व्हायचं आणि मग ते यायचंच.

"त्या दिवशी जमलं न्हाई ना तुमाला."

"नाही जमलं, आई."

"कामून जमलं न्हाई?"

"माझं चुकलं."

बातमी कॉलनीत गेली, तिथून शाळेच्या ग्रुपवर. बायकोच्या वेळेला सरांना खिडकी बसवता आली नाही. आता कुणी बोलावलं तर आधी विचारायचे, "सर, नीट बसेल ना?" डॉक्टरकडून भर सभेत माफी वदवून घेणारा माणूस म्हणायचा, "प्रयत्न करतो." तो डॉक्टर एकदा म्हणाला, "होतं असं सर, वय झालं की." सर म्हणाले, "हो, होतं." मी 'नाही, सर' म्हणून बसले होते, त्यामुळे मला कुणाच्या तोंडावर काही बोलता आलं नाही. एकदा न राहवून मी त्यांना म्हटलं, "सर, सांगून टाका. एवढी वर्षं झाली." ते म्हणाले, "वहिनीची हरकत आहे." माझ्याशी बोलताना ते बायकोला वहिनीच म्हणायचे. 'होती' नव्हे, 'आहे' म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. तेवढं तरी मी शिकले होते.

मागच्या वर्षी सर गेले. हृदय. सकाळी मोटर लावायला अंगणात उतरले होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, आम्ही गॅलरीतून 'नाही, नाही' म्हणून मोकळे झालो, पाणी का येत नाही म्हणून खाली बघितलं.

शोकसभा मीटिंगवरच ठेवली, कारण शाळेतली मुलं कुठं कुठं पांगलेली. वर्ग भरला. बाहेरच्यांसाठी खिडकी बसवायचं काम माझ्याकडे आलं. मी एकटीनं बसवली, किल्लीसकट. मग मी एकेकाला विचारायला लागले. मुलं आता चाळिशी-पन्नाशीची, टकलं पडलेली. मी म्हटलं, "हरकत?" आणि एकेक जण न सांगता म्हणायला लागला, "नाही, सर." कुणी ते सुधारलं नाही.

शेवटी हदगाव. भावाच्या सुनेनं फोन धरला होता. मावशी आता नव्वदीच्या आसपास, चेहरा सुकून लहान झालेला.

"मावशी, आता तुम्ही बाहेरच्यांना दिसाल. हरकत?"

मावशी फोनकडे निरखून बघत राहिल्या. "तू तीच ना? दवाखान्याच्या दिवशी त्यात हुतीस ती?"

"हो, मावशी."

"त्यानं तिला इचारलं हुतं ना?"

सून म्हणाली, "आजी, लोक थांबून राहिलेत."

"थांबू दे. ह्याच्यात थांबतेतच."

मी सरांना शब्द दिला होता. जन्मभर मुलांना सांगितलं की उत्तर येत असलं तर गप्प बसू नका, आणि बसले सगळ्या वर्गासमोर गप्प.

"नको बोलू," मावशी म्हणाल्या. "मला ठावं हाय. बारशाला माझ्या दातासाठी थांबला तो. तिला इचारल्याबिगर करन व्हय? आन् ती डोकं मोकळं असलं तं बापाफुडं बी येत नव्हती. माझीच लेक ती."

"मग मावशी, दर रविवारी तुम्ही त्यांना एवढं बोलत होतात..."

"मंग कोनाला बोलू?" आवाज चढला नाही. "लेक मेलेली. तिला बोलू का, की माय इथं बसून राहिली अन् तू न्हाई म्हनलीस? तो जिता हुता. तो आयकून घेत हुता."

सगळा वर्ग ऐकत होता. तो डॉक्टरही होता त्यात. त्यानं मान खाली घातली ती वर केली नाही.

"त्याला ठावं हुतं का ग," मावशींनी विचारलं, "मला ठावं हाय ते?"

"माहीत नाही, मावशी."

त्यांनी मान हलवली, बराच वेळ. सुनेनं पुन्हा हळूच म्हटलं, "आजी, चालू करू द्या का त्यांना?"

"थांब," मावशी म्हणाल्या. "पदर घेऊ दे."

मी बटणावरचं बोट उचललं. सगळे थांबले. मावशींनी सुनेला फोन नीट धरायला लावला, पदर सोडला, केसांवरून दोन्ही तळवे फिरवले, जे काही पांढरे उरले होते ते कानांमागे बसवले, आणि पदर पुन्हा डोक्यावर घेतला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता न्हाई."

मी खिडकी उघडली.